प्रायमॉर्डियलच्या गावाला

आधीच सांगून टाकतो, या प्रवासात आम्ही प्रायमॉर्डियल या आयरिश मेटल बँडची एकही गिग पाहिली नाही. आमच्या तारखांना त्यांचा आयर्लंडमध्ये कार्यक्रमच नव्हता. पुण्यात मित्रांना हे सांगितलं तेव्हा "मग काय झक मारायला गेला होतास?" असा प्रेमळ प्रश्न आला.

गेलो होतो ते एक जुनं कोडं सोडवायला. क्रुआखन हा डब्लिनचा दुसरा बँड ऐकला की आयरिशपणा पहिल्या मिनिटात कानावर आदळतो. टिन व्हिसल, फिडल, बोध्रान, आयरिश लोकवाद्यांचा सगळा सरंजाम. प्रायमॉर्डियलमध्ये यातलं जवळपास काहीच नाही. गिटार, बास, ड्रम्स आणि छाती फोडून गाणारा माणूस, बस्स. तरीही दोन मिनिटं ऐकलं की हे स्वीडनचं नाही, नॉर्वेचं तर नाहीच, हे कळतं. का कळतं, ते मला वीस वर्षांत सांगता आलं नव्हतं.

सोबत बायको होती. तिला मेटल म्हणजे शेजारच्या फ्लॅटमधलं ड्रिलिंग. पण ती दहा वर्षं तबला शिकलेली आहे, आणि कोडं शेवटी तिनेच सोडवलं.

व्हिसाचं पहिल्यांदा, कारण इथेच लोक फसतात. आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये आहे, पण शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसा घेऊन डब्लिनला उतरता येत नाही, वेगळा आयरिश व्हिसा लागतो. भारतीय पासपोर्टवरच्या युकेच्या व्हिसावर 'बीआयव्हीएस' (ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना) असा शेरा असेल तर तोही चालतो, पण आधी युकेमध्ये उतरायचं आणि मग आयर्लंडला जायचं, उलट नाही. मालवण तालुक्यातल्या वराडचं आडनाव लावणारा लिओ वराडकर दोनदा पंतप्रधान झालेला देश आहे, पण त्यामुळे कागदपत्रं कमी लागत नाहीत.

पहिला दिवस स्केरीजचा. डब्लिनच्या कॉनोली स्टेशनवरून उत्तरेकडे जाणारी लोकल पकडायची. पाऊण तास धरून चाला. लीप कार्ड, म्हणजे तिथलं बस-लोकलचं कार्ड, तिथपर्यंत चालतं, वेगळं तिकीट काढू नका. उजव्या हाताची खिडकी पकडा, अर्ध्या वाटेनंतर समुद्र सोबत येतो.

1987 मध्ये याच गावात पोल मॅकॲमली आणि कियारन मॅकउलियम या दोन पोरांनी बँड काढला. सुरुवात इतरांची गाणी वाजवण्यापासून. 1991 मध्ये ॲलन ॲव्हरिल गायला आला, 1993 मध्ये डेमो निघाला आणि 1995 मध्ये 'इम्रामा' हा पहिला अल्बम. इम्राम म्हणजे जुन्या आयरिश साहित्यातला समुद्रप्रवासाच्या कथांचा प्रकार. होडी घेऊन पश्चिमेला निघायचं आणि एकेक अद्भुत बेट बघत जायचं. हे नाव मला कायम पुस्तकी वाटायचं. स्केरीजच्या रेड आयलंडवर उभं राहिल्यावर मत बदललं. रेड आयलंड नावाचंच बेट, ते आता जमिनीला जोडलेलं आहे. समोर ओळीने कोल्ट, सेंट पॅट्रिक आणि शेनिक ही बेटं, आणि त्यांच्या पलीकडे रॉकाबिलचं दीपगृह. ज्या पोरांनी शाळेच्या वयात रोज हे पाहिलं, त्यांना बेटांच्या गोष्टी शोधायला ग्रंथालयात जावं लागलं नसणार.

या गावाची एक दंतकथा आहे. सेंट पॅट्रिक समोरच्या बेटावर राहत होता. गावकऱ्यांनी त्याची शेळी चोरून खाल्ली. तो जाब विचारायला आला, हे कानावर हात ठेवू लागले, आणि त्याबरोबर सगळ्यांची वाचा गेली. तोंडातून फक्त शेळीसारखं बें बें निघायला लागलं. कबुली दिली तेव्हा कुठे आवाज परत आला. खडकावर संताच्या पावलाचा ठसा दाखवतात आणि स्केरीजकरांना अजून 'गोट्स' म्हणतात. मी बायकोला तिथेच 'इम्रामा' ऐकवला. एक हेडफोन तिच्या कानात, एक माझ्या, आणि वाऱ्यामुळे दोघांनाही धड ऐकू येईना. ती म्हणाली, "अरे, हे तर कबुलीच्या आधीचं वाटतंय."

विनोद सोडा, पण बँडचा प्रवास असाच आहे. पहिल्या अल्बममधला आवाज बहुतांशी ब्लॅक मेटलचा, किंचाळणारा. त्यात एक गाणं चक्क आयरिश भाषेत आहे, पण शब्द कळायला कान टवकारावे लागतात. 2000 च्या 'स्पिरिट द अर्थ अफ्लेम'पर्यंत गळा मोकळा व्हायला लागतो. 2005 च्या 'द गॅदरिंग वाइल्डरनेस'मध्ये तो माणूस उघड्या आवाजात, भर चौकात उभा राहून बोलल्यासारखा गातो, आणि 2007 च्या 'टू द नेमलेस डेड'मध्ये तर प्रत्येक शब्द पोचतो. गाणी लांबली, वेग उतरला आणि वजन वाढलं. त्यानंतरच्या अल्बमपैकी 2018 चा मला सैल वाटतो. 2023 चा 'हाऊ इट एंड्स' ऐकून पुन्हा जीव भांड्यात पडला.

स्केरीजमध्ये अर्धा दिवस पुरे. स्टेशनवरून गावात जाताना जुन्या पवनचक्क्या लागतात, तिथे कॅफे आहे, आणि बंदरावर मासे चांगले मिळतात. ओहोटीला शेनिक बेटावर चालत जाता येतं, पण भरतीची वेळ बघितल्याशिवाय जाऊ नका. छत्री नेऊ नका. आमची तिथल्या कचऱ्याच्या डब्यात आहे.

संध्याकाळी डब्लिनला परतलो आणि स्मिथफील्डमधल्या 'कॉबलस्टोन' या पबमध्ये गेलो. जेवायला नाही, ऐकायला. शिरल्या शिरल्या एका कोपऱ्यात सहा-सात जण गोल बसून वाजवत होते. फिडल, बासरी, कॉन्सर्टिना आणि मांडीवर ठेवून वाजवायचे पाइप्स. माइक नाही, स्टेज नाही. याला 'सेशन' म्हणतात. काही रीत पाळा: वाजवणाऱ्यांच्या राखीव खुर्च्यांवर बसू नका, ठेका धरून टाळ्या वाजवू नका, आणि कुणी एकटं गायला लागलं तर श्वासही हळू घ्या. एक म्हातारे गृहस्थ साथीशिवाय, डोळे मिटून, संथ काहीतरी गायले. अख्खा पब चिडीचूप. याला 'शॉन-नोस' म्हणतात, म्हणजे जुनी रीत. स्वरांची बारीक नक्षी काढायची, पण भावना चेहऱ्यावर अजिबात आणायची नाही.

मग जिग, म्हणजे आयरिश नाचाची धून, सुरू झाली. बायकोची बोटं टेबलाच्या कडेवर चालायला लागली. दोन आवर्तनं झाल्यावर ती म्हणाली, "अरे, सहाच आहेत. धा धी ना, धा ती ना. दादऱ्याचंच माप."

"हे मोजतात सिक्स-एट."

"काहीही मोजू देत. वजन वेगळं आहे, पण माप तेच."

खोलीवर आल्यावर मी तिला 2005 च्या अल्बममधलं एक संथ गाणं लावून दिलं. तिने अर्धं मिनिट ऐकलं आणि पलंगाच्या लाकडावर तोच ठेका धरला, निम्म्या लयीत. मी गप्प. वीस वर्षं मी गिटारमध्ये आयर्लंड शोधत होतो आणि ते ड्रम्समध्ये होतं. बाकीचं मेटल बहुतेक चारात चालतं, हे लोक वारंवार सहात जातात. जिगचा वेग उतरवला की नाच संपतो आणि झोका उरतो, होडीचा किंवा पाळण्याचा. आणि वर ॲव्हरिल गातो ते त्या म्हाताऱ्या गृहस्थांसारखं, फक्त शंभर पटीने मोठ्याने. क्रुआखनने वाद्यं घेतली, यांनी चाल घेतली. क्रुआखन मला आवडतो, कीथ फे या माणसाने 1992 पासून लोकसंगीत आणि मेटलची मोट बांधली ती फार थोड्यांनी त्याच्याआधी बांधली होती. पण अंगावर काटा येतो तो प्रायमॉर्डियलनेच.

दुसऱ्या दिवशी गाडी. डब्लिनच्या पश्चिमेला दीडशे किलोमीटर, रॉसकॉमन परगणा. तिकडे गाडीशिवाय फिरणं वेळखाऊ आहे. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, तेवढा दिलासा. गावाकडचे रस्ते मात्र इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की झुडपात शिरावं लागतं.

स्ट्रोक्सटाउनला राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय आहे, एका जमीनदाराच्या वाड्याच्या आवारातच. तीन तास ठेवा, दोनात होत नाही. 1845 मध्ये बटाट्यावर रोग पडला. पुढच्या सात वर्षांत सुमारे 10 लाख माणसं मेली आणि त्याहून जास्त देश सोडून गेली. इथल्या जमीनदाराने 1847 मध्ये कुळांतल्या 1,490 जणांना जमिनीवरून उठवून कॅनडाला पाठवलं, कारण पोसण्यापेक्षा ते स्वस्त होतं. ती माणसं कालव्याकाठाने डब्लिनपर्यंत चालत गेली, तिथून लिव्हरपूल, तिथून चार जहाजं. त्यातल्या 'व्हर्जिनियस'वर 476 जण चढले आणि 158 वाटेतच गेले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये जमीनदाराला कुणीतरी गोळी घातली.

आकडे वाचून झाल्यावर वाड्याचं स्वयंपाकघर बघा. वरून लाकडी सज्जा आहे. मालकीणबाई खाली उतरत नसत, सज्जातून आठवड्याच्या पदार्थांची यादी खाली टाकत. नोकरांना ये-जा करायला जमिनीखालून बोगदा, म्हणजे बागेत बसलेल्या पाहुण्यांच्या नजरेस कुणी पडू नये. मी त्या सज्जाखाली उभा राहून वर बघत होतो, आणि 'द कॉफिन शिप्स', म्हणजे शवपेट्या ठरलेली ही जहाजं, हे प्रायमॉर्डियलचं जवळपास दहा मिनिटांचं गाणं इतकं सावकाश का आहे ते तिथे कळलं. त्यात राग आहे, पण घाई नाही. लंडनच्या खजिन्यातून मदतीचा हात आखडता ठेवणारा चार्ल्स ट्रेव्हेल्यन पुढे मद्रासचा गव्हर्नर आणि मग हिंदुस्थान सरकारचा अर्थमंत्री झाला, हेही तिथेच आठवलं. त्यामुळे ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही.

त्या कुळांच्या वाटेवर आता 165 किलोमीटरचा पायी मार्ग आहे. वाटेत ठिकठिकाणी मुलांच्या बुटांची कांस्यशिल्पं आहेत. एका जुन्या घराच्या छपरात सापडलेल्या, एकत्र बांधून ठेवलेल्या छोट्या बुटांवरून ती घडवली आहेत. चालण्याची हौस असेल त्यांनी जरूर करा.

तिसरा दिवस टल्स्कचा, स्ट्रोक्सटाउनहून पंधरा-वीस मिनिटांवर. इथे राथक्रोहन, म्हणजे कॉनॅख्ट प्रांताची प्राचीन राजधानी, जिचं जुनं नाव क्रुआखन. बँडने नाव घेतलं ते हेच. बघायला काय, तर गवताळ टेकाड आणि मेंढ्या. गडकिल्ल्यांची सवय असलेला मराठी माणूस पाच मिनिटांत "झालं?" म्हणेल. म्हणून आधी टल्स्कच्या माहिती केंद्रात जा आणि त्यांच्या वाटाड्यासोबतच फिरा. पुराणकथांतली राणी मेडवी आणि तिचा नवरा कुणाची संपत्ती जास्त यावरून पलंगावर भांडले, तिला त्याच्या बैलाच्या तोडीचा बैल हवा झाला आणि त्यातून आयर्लंडचं महायुद्ध पेटलं, ते इथून.

खरी गोष्ट मात्र ऊवनगॅट, मांजरांची गुहा. शेताच्या कडेला, हॉथॉर्नच्या झुडपाखाली एक भोक. वाकून नाही, बसून घसरत जावं लागतं. आत शिरताना डोक्यावरच्या दगडाच्या कडेला ओगम या जुन्या आयरिश लिपीच्या खाचा आहेत. 'मेडवीच्या मुलाचं, फ्रेखचं' असं त्या वाचतात. पुढे उतरता चिखल, मग अचानक उंच, अरुंद चुनखडीची भेग. वाटाड्याने दिवे बंद करायला सांगितलं. डोळे उघडे की मिटलेले ते कळेना. फक्त थेंब पडल्याचा आवाज, आणि तोही नेमका कुठून ते समजेना. मध्ययुगीन भिक्षूंनी या जागेला आयर्लंडचं नरकद्वार म्हटलं. साऊनच्या रात्री, म्हणजे आजच्या हॅलोवीनला, इथूनच सगळी भुतं बाहेर पडायची. मॉरिगन या युद्धदेवतेचं हे घर, आणि प्रायमॉर्डियलच्या 2002 च्या अल्बममध्ये 'सन्स ऑफ द मॉरिगन' नावाचं गाणं आहे.

अजून एक धागा. ब्रिक्रिउ नावाचा एक कळलाव्या पुराणकथांत आहे. मेजवानी देऊन तीन वीरांत भांडण लावतो, आणि त्यांची परीक्षा म्हणून याच गुहेतली तीन रानमांजरं त्यांच्यावर सोडली जातात. ब्रिक्रिउचं टोपणनाव 'नेमथेंगा', विषारी जिभेचा. ॲलन ॲव्हरिल स्टेजवर हेच नाव लावतो. आपला नारद तसा गोड, हा तिखट.

गुहेसाठी: जुने कपडे, घोट्याच्या वर येणारे बूट, डोक्याला बांधायचा दिवा. गुहा खासगी शेतात आहे आणि आत जायला मिळेलच असं नाही, म्हणून आधी केंद्राला मेल करून विचारा. गुडघेदुखी किंवा बंद जागेची भीती असेल तर बाहेरूनच नमस्कार करा. ऑक्टोबर अखेरीस हॅलोवीनमुळे गर्दी असते, आम्ही सप्टेंबरात गेलो ते बरं झालं. गाडीत सीटवर टाकायला जुनी चादर हवीच. आमच्याकडे नव्हती, आणि गाडीवाल्या कंपनीने सफाईचे वेगळे पैसे लावले.

शेवटच्या संध्याकाळी डब्लिनच्या कस्टम हाऊस धक्क्यावर गेलो. रोवन गिलेस्पीने केलेले दुष्काळाचे हाडकुळे पुतळे तिथे 1997 पासून उभे आहेत, मागे एक कुत्रा. जवळच 'जीनी जॉन्स्टन' या जहाजाची प्रतिकृती. गंमत म्हणजे मूळ जहाजावर एकही प्रवासी दगावला नव्हता, त्यामुळे आत जाऊन बघा, पण हे शवपेटीचं जहाज नव्हे एवढं लक्षात ठेवा. हा धक्का स्ट्रोक्सटाउनच्या नंतर ठेवा. आधी पाहिला तर पुतळे सेल्फीपुरतेच राहतात. बायकोने स्वतःहून हेडफोन मागितला. पुतळ्यांकडे बघत पूर्ण दहा मिनिटं ऐकलं, मांडीवर बोटं चालू. काढून देताना म्हणाली, "सम गाठायची घाई नाही याला."

आणि हो, डब्लिनभोवतीच्या एम50 महामार्गाचा टोल. विमानतळाकडून पश्चिमेला जाताना तो लागतो, पण नाका नसतो, फक्त कॅमेरे. दुसऱ्या दिवशी रात्री 8 च्या आत ऑनलाइन किंवा दुकानात भरायचा असतो. आम्ही गुहेच्या नादात विसरलो. दंड गाडीवाल्यांकडे गेला, त्यांनी आपली फी चढवून पुण्यात माझ्या कार्डावर पाठवला.