तरी थोडी जास्त

आमच्या बडोद्यात सेव-उसळीच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, माणूस एका वाक्यात दोनदा भाषा बदलतो. "भैया, तरी जरा वधारे" असं लारीवाल्याला सांगायचं आणि तोंड न वळवताच बाकड्यावरच्या बाबांना विचारायचं, "पाव अजून एक घेणार का?" पुण्याचा आतेभाऊ आला की त्याचा वाद ठरलेला. "ही मिसळच की गं!" नाही रे बाबा, उसळ. "मग वर शेव कशाला?" म्हणूनच सेव-उसळ. मराठी माणसाची उसळ गुजराती माणसाच्या हाताला लागली आणि तिचं जे काही झालं, ते आम्हाला फावतं. ('फावतं' हे बडोदं झालं. 'चालतं' म्हटलं की आमच्याकडे पाहुणा कोण आलाय ते कळतं.)

कवी दिलीप चित्रे वाचताना मला हल्ली ही प्लेट दिसते. कॉलेजात असताना त्यांचं नाव काढलं तरी दडपण यायचं. प्रयोगशील, बंडखोर, दुर्बोध, अशी विशेषणं कवितेच्या आधीच हजर व्हायची. काही कविता मला आजही लागत नाहीत, आणि त्याची लाज वाटायची आता थांबली आहे. पण हा माणूस 1938 साली आपल्याच गावात जन्मला हे कळलं आणि वाचणं बदललं.

घरच तसं होतं. वडील पुरुषोत्तम चित्रे इथून 'अभिरुची' मासिक काढायचे. पु. लं.चा भय्या नागपूरकर पहिल्यांदा भेटला तो त्यातच, 1944 साली. म्हणजे पुण्या-मुंबईची मराठी छापायला बडोद्याला यायची. आईचे वडील तुकारामांचे जाणकार. जेवताना कानावर काय काय पडत असेल! 1951 मध्ये बिऱ्हाड मुंबईला गेलं. 1954 मध्ये अरुण कोलटकर, रमेश समर्थ वगैरे मंडळींबरोबर 'शब्द' हे अनियतकालिक सुरू झालं. 1960 मध्ये पहिला संग्रह निघाला, त्याचं नाव सरळ 'कविता'. मग इथिओपियात शिकवायची नोकरी. 'ऑर्फियस' हा कथासंग्रह 1968 चा, नावापासूनच ग्रीक. कविता मराठीतही, इंग्रजीतही.

इतक्या लांब फिरलेला हा माणूस वर्षानुवर्षं बसला मात्र तुकारामांपाशी. प्रयोग म्हणजे जुनं फेकून देणं, अशी माझी समजूत होती. ती इथे मोडली. 1994 मध्ये साहित्य अकादमीने त्यांना दोन पुरस्कार दिले, एक 'एकूण कविता'ला आणि एक तुकारामांच्या इंग्रजी अनुवादाला. दोन भाषांच्या मध्ये राहणं ही अडचण नसून तेच आपलं घर, हे ज्याला लहानपणापासून ठाऊक असेल त्यालाच हे जमावं. हे माझं बडोदेकरी मत, पुण्यात कुणी मान्य करणार नाही.

गेल्या रविवारी तो अनुवाद पिशवीतून लारीवर घेऊन गेले. बाबांनी चष्मा लावला, कडेला तरीचा एक थेंबही पाडला.

"अभंगात 'तुका म्हणे'. इथे 'सेज तुका'. ह्याने उलटं का केलं?"

खरंच की. शब्दाला शब्द ठेवला असता तर 'तुका सेज' व्हायला हवं होतं. तसं म्हणून पाहिलं. बातमी दिल्यासारखं वाटलं. मग पुस्तकातलं म्हटलं. आवाज उतरत उतरत नावावर येऊन टेकला. दोन्ही पुन्हा मोठ्याने म्हटली, तसा शेजारचा मुलगा पाव हातात धरून बघत राहिला.

बाबांनी पुस्तक मिटलं. "म्हणजे सही खाली केली," म्हणाले, आणि वाटी लारीवाल्यापुढे धरली.