आधी पंखा, मग निदान

इंदूर, मे महिना, शनिवार

आज टेबलावर लेनोवोचा थिंकपॅड टी-४३० आहे. मॉडेल २०१२ चं, तिसऱ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर. चालू होतो, दहा-पंधरा मिनिटांत तापतो आणि एकदम बंद पडतो. मालकाच्या घरी "मदरबोर्ड गेला" असं ठरूनही गेलंय आणि सुटे भाग काढून बाकीचं भंगारात द्यायची तयारी आहे.

या घाईचं वाईट वाटतं. मदरबोर्ड बिघडलेला लॅपटॉप बहुधा चालूच होत नाही, किंवा थंड असतानाही केव्हाही बंद पडतो. दर वेळी तापल्यावरच बंद पडत असेल तर आधी पंख्याकडे बघायचं. प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास गेला की स्वतःला वाचवायला वीज तोडतो, म्हणजे तो त्याचं काम नीट करतोय. माळव्यातली उन्हाळ्याची कोरडी धूळ आणि गादीवर ठेवून वापरायची सवय, एवढं एकत्र आलं की हे होणारच.

खोलण्याआधी बायोस, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा पडदा, उघडून बघितलं. तिथे सुपरवायझर पासवर्ड (बायोसच्या सेटिंगला लावलेलं कुलूप) असता तर मालकाला आधीच विचारावं लागलं असतं. सीएमओएसचा सेल, म्हणजे घड्याळ चालू ठेवणारा आतला छोटा सेल, काढला की पासवर्ड जातो, असं बाजारात सर्रास सांगतात. थिंकपॅडमध्ये तो पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, सेल काढून फक्त घड्याळ आणि सेटिंग जातं. जुना थिंकपॅड विकत घेणाऱ्याने पैसे देण्याआधी हे बघावंच.

मग अ‍ॅडाप्टर काढला, बॅटरी काढली, पॉवरचं बटण पंधरा-वीस सेकंद दाबून उरलीसुरली वीज संपवली. टी-४३० ची बॅटरी बाहेरून निघते. टी-४४० पासून बऱ्याच मॉडेल्समध्ये एक बॅटरी आतही असते. ती बायोसमधून आधी बंद करायची, तेव्हाच मागचं झाकण उघडायचं. नाहीतर पेचकस घसरला की बोर्ड खरोखरच जातो.

स्क्रूसाठी पुठ्ठा घ्यावा. त्यावर लॅपटॉपच्या तळाची बाह्यरेषा काढायची आणि निघालेला प्रत्येक स्क्रू त्याच्याच जागी पुठ्ठ्यात टोचून ठेवायचा. हे आळसाने टाळतात आणि इथेच नुकसान होतं. स्क्रूची जाडी सारखी दिसते, लांबी वेगळी असते. लांब स्क्रू आखूड जागी पिळला की तो हाताच्या पट्टीला (किबोर्डपुढची मनगट टेकायची जागा) आतून फुगवटा आणतो किंवा बोर्डाच्या तांब्याच्या रेघा खरवडतो. आटे गेले तर तो स्क्रू पुन्हा कधी धरत नाही. थिंकपॅडची मेंटेनन्स मॅन्युअल कंपनीनेच सगळ्यांसाठी खुली ठेवली आहे, स्क्रूची मापं त्यात दिलेली आहेत. उतरवून घेऊन पहिलं पान तरी वाचावं.

तळाला किबोर्डचं चिन्ह असलेले दोन स्क्रू काढले की किबोर्ड स्क्रीनच्या दिशेने थोडा सरकवून पुढची कड उचलायची. खालचा कनेक्टर ओढायचा नाही, सरळ वर उचलायचा. वायफायच्या अँटेनाचे बारीक गोल कनेक्टर फक्त तीसेक वेळा काढ-घाल करण्यासाठी बनवलेले असतात, गरज नसेल तर त्यांना हात लावू नये. चपटी रिबन केबल ज्या सॉकेटमध्ये जाते त्याची चापी दोन तऱ्हेची असते: एक वर उचलायची, दुसरी दोन्ही टोकांनी एकेक मिलिमीटर बाहेर सरकवायची. कोणती ते न बघता नख घातलं की चापी तुटते, आणि तेवढी चापी वेगळी मिळत नाही.

हाताची पट्टी काढल्यावर पंखा दिसला. पंखा आणि तांब्याच्या पातळ पात्यांच्या मध्ये धुळीचा थर दाबून बसला होता, अगदी नमद्यासारखा. बाहेरून ब्लोअर मारून हा थर जात नाही, उलट पंख्यात ढकलला जातो. शिवाय हवेने पंखा भन्नाट फिरून बेअरिंग खराब होतं, म्हणून हवा मारताना पातं बोटाने धरायचं. थर चिमट्याने ओढून काढला, एका तुकड्यात निघाला.

हीटसिंकचे, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या तांब्याच्या भागाचे, स्क्रू आळीपाळीने, आडवे-तिरपे, थोडे थोडे सैल करायचे. या प्रोसेसरवर धातूचं झाकण नाही, काचेसारखा डाय, म्हणजे मूळ चिप, उघडा आहे. एका बाजूने दाब आला तर कडेचा टवका उडतो. डाय आणि हीटसिंकच्या मधली, उष्णता पुढे नेणारी जुनी पेस्ट खडूसारखी वाळली होती. कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन ती दोन्हीकडून साफ केली. नवी पेस्ट डायच्या मधोमध, चार-पाच मिलिमीटरची एक रेघ, बस. जास्त लावल्याने थंडावा वाढत नाही, पेस्ट बाहेर पसरते. जोडताना स्क्रू पुन्हा तसेच आळीपाळीने.

आणि बोर्ड खरंच गेला असता तर? तरीही सगळं भंगार नव्हतंच. प्रोसेसर सॉकेटमधला आहे, अर्धा फेरा स्क्रू फिरवला की निघतो. रॅमवर पीसी३एल लिहिलं असेल तर ती १.३५ व्होल्टवर चालते, पुढच्या काही मॉडेल्समध्येही कामाला येते. नुसतं पीसी३ म्हणजे १.५ व्होल्ट, ती तिथे नाही चालत. स्क्रीनच्या मागचा पॅनेल नंबर लिहून ठेवायचा, त्या नंबरावरून एचडीएमआय कंट्रोलर बोर्ड मागवून ती स्क्रीन मॉनिटरसारखी वापरता येते. हार्ड डिस्क विकण्याआधी स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, बघायचा. पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, दिसले तर ती द्यायची नाही आणि डेटा पुसल्याशिवाय तर कोणतीच नाही.

बॅटरी मात्र घरी कोणी फोडू नये. फुगलेला सेल टोचला तर पेट घेतो. टर्मिनलवर टेप लावून वेगळी ठेवायची. इंदूरच्या कचरागाडीत ई-कचऱ्याचा कप्पा वेगळा आहे, तिथे द्यायची किंवा परवानाधारक संकलकाकडे. ओल्या-सुक्यात मुळीच नाही.

झाकण पूर्ण बसवण्याआधी अर्ध्या तासाची लोड चाचणी (प्रोसेसरला मुद्दाम पूर्ण कामाला लावणं) चालवली. तापमान सत्तर-पंच्याहत्तर अंशांवर स्थिरावलं, लॅपटॉप बंद पडला नाही. पंख्यातून मात्र बारीक खरखर येतेय, बेअरिंग झिजलंय. सोमवारी सिल्व्हर मॉलच्या कॉम्प्युटर बाजारात टी-४३० चा पंखा बघायचा. हीटसिंकसकटचाच घ्यायचा, सुटा नको, आणि पार्ट नंबर जुन्याशी ताडून घ्यायचा. सोबत सीएमओएससाठी सीआर २०३२ चा सेल आणि पेस्टची नळी.