नागपुरातलं हस्तकला प्रदर्शन: भाडं एक, बिल दुसरंच

फोनवर दहा दिवसांच्या स्टॉलचं भाडं सांगितलं होतं अठरा हजार, 'सगळं धरून'. हातात आलेलं बिल सव्वीस हजारांच्या घरात. वर १८ टक्के जीएसटीचे ३२४०, लाइटच्या दोन पॉइंटचे २०००, जादा दोन टेबलांचे १२००, आणि 'स्वच्छता व सुरक्षा' या नावाखाली १५००. माल उतरवून झाल्यावर हा कागद देतात, म्हणजे परत जायची सोय नाही. चंद्रपूरकडून वरोरा-जाम-बुटीबोरी करत छोटा हत्ती भरून आणलेला, गाडीभाडं चुकवलेलं. त्या घटकेला कोणीही पैसे भरतोच, आणि आयोजकाला ते पक्कं माहीत असतं.

म्हणून ॲडव्हान्स पाठवण्याआधी व्हॉट्सॲपवर लेखी उत्तर घ्या: भाडं जीएसटी धरून की वगळून, टेबलं किती आणि किती फुटी, खुर्च्या किती, लाइटचे पॉइंट किती आणि प्रत्येकावर किती वॅट चालतात, डिपॉझिट किती आणि परत कधी. 'या तर खरं, बघून घेऊ' असं उत्तर आलं की तिथे जाऊ नका. ॲडव्हान्स फर्मच्या खात्यावरच टाका, कोणाच्या खासगी नंबरवर नाही, आणि जीएसटी नंबर असलेली पावती मागा. जीएसटी लावतात आणि पावती देत नाहीत, असंही होतं.

लाइटचा हिशेब तर मांडायलाच हवा. २० वॅटचे चार एलईडी, मोबाइलचा चार्जर आणि साउंडबॉक्स मिळून १०० वॅट. रोज दहा तास जाळले तर एक युनिट. दहा दिवसांचे दहा युनिट. युनिटला २० रुपये धरले तरी २०० रुपये होतात, घेतले २०००. आणि इतके मोजून पॉइंट कुठे? मागच्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंचीवर, तोही शेजारच्या स्टॉलशी वाटून. शेजाऱ्याने पाचशे वॅटचा हॅलोजन लावला की अख्ख्या रांगेचा एमसीबी, म्हणजे जादा भार आला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. आणि पडतो बरोब्बर संध्याकाळी सातला, गिऱ्हाईक भरात असताना. १० मीटर तीन कोअर वायरचा एक्स्टेंशन बोर्ड, दोन बॅटरीवर चालणारे दिवे आणि मोठी पॉवर बँक घेतल्याशिवाय निघू नका. हॅलोजन आयोजकाने फुकट दिला तरी लावू नका. लाखेच्या बांगड्या आणि मेणबत्त्या त्याच्या आचेने मऊ पडतात, रंगवलेल्या कागदाचा रंग उडतो. माती आणि बांबूला ३००० केल्विनचा पिवळसर उजेड शोभतो. कापडवाल्यांनी मात्र ४००० केल्विनचा, जरा पांढरा उजेड लावावा, नाहीतर गिऱ्हाईक प्रत्येक ओढणी उचलून उजेडात न्यायला बघतं.

दुसरी अवघड जागा म्हणजे गेट ते स्टॉल. 'सकाळी आठपासून प्रवेश' म्हणतात, प्रत्यक्षात दुपारपर्यंत मांडव बांधणं चालू असतं. गालिचा अंथरला की गाडी आत सोडत नाहीत. मग दोनेकशे मीटर हातगाडी, आणि गेटवरचा हमाल नगावर पैसे सांगतो. भाव आधी ठरवा, पूर्ण मालाचा, नगाचा नव्हे. रुंद चाकांची स्वतःची ट्रॉली असेल तर उत्तम. लहान चाकं भुसभुशीत मैदानात रुततात, ट्रॉली झटक्याने कलते, आणि मातीकाम फुटतं ते इथेच. एवढ्या लांबच्या रस्त्यात एक कप गेला नसेल तरी गेटच्या उंबऱ्यावर चार जातात. क्रेट २० किलोंवर भरू नका, एका माणसाला उचलता आलं पाहिजे. तळाशी चार बोटं तणस (भाताचा पेंढा), जड नग खाली, ताटल्या आणि थाळ्या आडव्या न रचता कडेवर उभ्या, प्रत्येक दोन नगांमध्ये पुठ्ठा. वरून हाताने दाबून बघा: काही हललं तर अजून तणस भरा. रिकामी क्रेट टेबलाखाली ठेवा, वर चादर टाका. टेबल डुलतं, कारण खाली जमीन सपाट नसते. लाकडी पाचरी आठ-दहा आणा.

पत्र्याच्या चौकटीतले पांढरे पॅनल असतील तर खिळा ठोकता येत नाही, ठोकला तर दंड. वरच्या पट्टीला एस हुक आणि साखळी लावून टांगा. रात्री माल झाकायला दहा बाय दहाच्या स्टॉलला १५ बाय १८ फुटी ताडपत्री लागते. दव पडतं, धूळ तर दिवसभर असते, आणि विदर्भात जानेवारी-फेब्रुवारीत अवकाळी कधी येईल नेम नाही.

मधले दिवस सरळ जातात, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. दुपारी एक ते चार गिऱ्हाईक नसतं, त्या वेळात जेवा आणि आळीपाळीने झोपा.

पण जानेवारीत आलात तर संक्रांतीचं वाण आणाच! हळदीकुंकवासाठी बायका एकसारखे २५, ५१, कधी १०१ नग एकदम घेतात, आणि हिशेब नगाला २० ते ५० रुपयांचा असतो. मातीचा करंडा, बांबूची छोटी परडी, कापडी बटवा, असलं काहीही चालतं. अट एकच, सगळे नग सारखे हवेत. २५-२५ चे गठ्ठे आधीच बांधून ठेवा, कारण मोजायला लागलात की मागचं गिऱ्हाईक पुढच्या स्टॉलवर जातं. मोठ्या शोभेच्या वस्तू बघून लोक खुश होतात, विचारतात, 'काहून एवढं महाग भाऊ?' आणि पुढे जातात. वाणाचे गठ्ठे मात्र संध्याकाळी दोन तासांत उडतात, नुसतं बघत राहावं असं! रथसप्तमीपर्यंत हे चालतं. ती कधी जानेवारीअखेर तर कधी फेब्रुवारीच्या मध्यावर येते, पंचांग बघून माल बनवा. भावात घासाघीस होणारच. 'ताई, पंचवीस घेतले तर काही कमी होईन का?' यावर एक नग वर द्या, भाव पाडू नका. पाडलेला भाव पुढच्या बाईला लगेच कळतो.

गर्दीत नेटवर्क जातं. वेगवेगळ्या कंपन्यांची दोन सिम ठेवा, आणि गिऱ्हाईकाच्या स्क्रीनवरची हिरवी खूण बघून माल देऊ नका. साउंडबॉक्स बोलला नाही तर स्वतःच्या ॲपमध्ये रक्कम बघा, तोवर पिशवी हातात ठेवा.

डिसेंबरात येऊ नका, असं स्पष्टच सांगते. हिवाळी अधिवेशनात सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचे लॉज भरलेले आणि महाग, मोर्च्यांमुळे झिरो माईल, मॉरिस कॉलेजकडचे रस्ते अडवलेले, टेम्पोवाला यायला तयार होत नाही. एकट्याने तर कधीच येऊ नका. बाथरूमला जायचं तरी गल्ला कोणावर सोडणार?

छत्तीसगड किंवा मध्य प्रदेशातून हस्तकलेचा माल आणणाऱ्यांना २० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीतून सूट आहे. पॅन आणि ई-वे बिल (माल नेताना सोबत ठेवायची ऑनलाइन पावती) मात्र लागतं, माल पन्नास हजारांच्या आतला असला तरी.

हिशेब असा धरा: समजा भाडं, गाडी, लॉज, जेवण मिळून ३२ हजार खर्च, आणि कच्चा माल व मजुरी जाऊन विक्रीत ४० टक्के उरतात. म्हणजे ८० हजारांची विक्री झाली की खर्च निघतो, दहा दिवसांत रोज आठ हजार. तुमचं सरासरी बिल दीडशेचं असेल तर रोज पन्नासच्या वर बिलं हवीत. एवढी होतील असं वाटत नसेल तर खासगी प्रदर्शनात पैसे घालू नका. हस्तशिल्प विकास आयुक्त कार्यालयाचं 'पहचान' ओळखपत्र काढा आणि सरकारी मेळ्यांसाठी अर्ज करत राहा. सिव्हिल लाइन्समधल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राच्या ऑरेंज सिटी क्राफ्ट मेळ्यात लोक हातकाम बघायच्या तयारीनेच येतात, तिथे दीडशेच्या वस्तूला 'महाग' ऐकावं लागत नाही.

शेवटच्या रात्री दहाच्या आत कोणाचीच गाडी आत सोडत नाहीत, आणि दहाला सगळ्यांच्या गाड्या एकदम येतात. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बोलवा, एक माणूस स्टॉलवर झोपवा. डिपॉझिट मात्र त्याच संध्याकाळी सहाच्या आधी, आयोजकाच्या टेबलापाशी उभं राहून घ्या. टेबल मोडलं, पॅनल खरचटलं, अशी कारणं मांडव उतरवताना निघतात, म्हणून पहिल्या दिवशीच स्टॉलचे चारही बाजूंचे फोटो काढून त्यांना पाठवून ठेवा.