ओरेकिएत्तेची कड फाटायची अखेर थांबली

काल, वर्गाच्या तिसऱ्या शनिवारी, बारीच्या जुन्या वस्तीतल्या त्या घरी माझ्या हातून सलग बत्तीस ओरेकिएत्ते, म्हणजे दक्षिण इटलीतल्या पास्त्याचे छोटे ‘कान’, वळले गेले आणि त्यांतल्या एकाचीही कड फाटली नाही. ज्यांनी मागच्या दोन नोंदी वाचल्या आहेत त्यांना या बत्तिसांचे मोल वेगळे सांगायला नको. रोमला परतताना गाडीत चार तास मी दुसरा कसलाच विचार केला नाही, म्हणून हात अजून ताजा आहे तोवर सगळे सविस्तर लिहून ठेवते.

अडचण काय होती ते थोडक्यात पुन्हा सांगते. कणकेच्या वळीचा सेंटीमीटरभर तुकडा कापून तो बोथट सुरीखाली आपल्याकडे ओढला की त्याची आतून पोकळ, शिंपल्यासारखी गुंडाळी होते. तिथेच थांबलो तर ते कावातेल्ली झाले, म्हणजे दुसऱ्या आकाराचा पास्ता. ओरेकिएत्तेसाठी ती गुंडाळी अंगठ्याच्या टोकावर उलटी करायची असते, म्हणजे आतली बाजू बाहेर येते, मधला भाग पातळ आणि खरबरीत राहतो आणि कडेला जाडसर काठ उरतो. माझी गुंडाळी व्हायची. पण उलटी करताना तिची कड एका बाजूने तरी चिरायची. गेल्या रविवारी रोमच्या घरी मी ४०० ग्रॅम सेमोला, म्हणजे पास्त्याचा रवा, भिजवला आणि त्यातून ताटात ठेवण्याजोगे जेमतेम वीस कान निघाले. बाकीचे उकळत्या पाण्यात पडताच उलगडले.

पहिला संशय अर्थातच पिठावर गेला, आणि तो अर्धा खरा निघाला. माझ्या घराजवळच्या दुकानदाराने मला जे दिले होते तो नुसता सेमोला होता, आपल्या बारीक रव्याइतका जाड. या कामाला लागतो तो सेमोला रिमाचिनाता, म्हणजे ड्युरम या पास्त्याच्या कठीण गव्हाचा दुसऱ्यांदा दळलेला पिवळसर रवा; चिमटीत घेतला तर तो पिठासारखा वाटतो, पण बोटे एकमेकांवर घासली की कण जाणवतात. पाकीट घेताना नावातला दुसरा शब्द वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत, असे माझे आता ठाम मत झाले आहे. तरीही योग्य पीठ आणल्यावर फाटणे कमी झाले, थांबले नाही.

मग पाणी. वर्ग चालवणाऱ्या सिन्योरांना प्रमाण विचारले की त्या ‘आ ओक्यो’ म्हणतात, म्हणजे डोळ्यांच्या अंदाजाने. त्यांच्या सासूबाई, ज्यांना घरातले सगळे नोन्ना, म्हणजे आजी, म्हणतात आणि मीही म्हणू लागले आहे, त्या तेवढेही बोलत नाहीत. त्यांची भाषा बारीची बोली, आणि ती मला सुनेने इटालियनमध्ये समजावून सांगितल्याशिवाय कळत नाही. म्हणून काल मी परवानगी घेऊन माझा छोटा वजनकाटा फळीशेजारी ठेवला आणि पाण्याचा तांब्या आधी व नंतर तोलला. ५०० ग्रॅम सेमोल्याला नोन्नांनी २४० ग्रॅम कोमट पाणी घातले होते. मीठ नाही, तेल नाही, अंडे तर नाहीच. माझ्या नोंदींप्रमाणे मी घरी तेवढ्याच पिठाला २८० ग्रॅमपर्यंत गेले होते.

या चाळीस ग्रॅमांचे कारण आता मला नीट उमगले आहे. ड्युरमचे कण कठीण असतात आणि पाणी सावकाश पितात. पहिल्या पाच मिनिटांत कणीक कोरडी आणि भुसभुशीत लागते, धीर सुटतो आणि हात आपोआप पाण्याकडे जातो. अर्ध्या तासाने कण भिजून घेतात तेव्हा ते वरचे पाणी जास्त झालेले असते. कणीक सुरीला चिकटते, ती सुटावी म्हणून आपण पीठ भुरभुरतो आणि त्या पिठाने गुंडाळीच्या कडेवर कोरडा थर बसतो. उलटताना चिरतो तो नेमका हाच थर. नोन्ना सुरुवातीच्या त्या भुसभुशीत अवस्थेकडे ढुंकूनही पाहत नाहीत. तळहाताच्या टाचेने पंधरा मिनिटे मळतात, गोळा भांड्याखाली झाकून अर्धा तास ठेवतात आणि मगच बोटाने दाबून पाहतात.

झाकण्याबाबत माझी दुसरी चूक सापडली. मी सगळ्या वळ्या एकदम करून फळीवर ओळीने मांडत होते. हिवाळ्यात घर तापवलेले असते, हवा कोरडी असते, आणि शेवटच्या वळीपर्यंत पोहोचेस्तोवर तिच्यावर साय धरावी तशी पातळ कातडी आलेली असते. नोन्ना एका वेळी एकच वळी करतात. ती संपली की भांडे उचलून पुढचा तुकडा तोडतात आणि भांडे लगेच पुन्हा पालथे घालतात.

इतके सगळे सुधारूनही काल सकाळी पहिले दहा-बारा कान फाटलेच. तेव्हा नोन्ना उठून माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि त्यांनी माझ्या सुरीवरच्या हातावर आपला हात ठेवला. त्यांच्या अंगठ्याचे नख झिजून पसरट झाले आहे आणि पेराच्या रेघांत सेमोला कायमचा बसलेला आहे. त्यांनी सुरी माझ्यापेक्षा खूपच आडवी धरली, डाव्या हाताचे बोट पात्याच्या टोकावर टेकवले आणि ओढताना सारा दाब सुरुवातीलाच दिला. तुकडा अर्धा ओढला गेल्यावर हात चक्क हलका केला. ‘पियानो, पियानो,’ एवढेच त्या म्हणाल्या, म्हणजे हळू, हळू. फळीवर सुरीचा खर्र असा बारीक आवाज आला आणि गुंडाळीचा शेवटचा काठ जाडसर राहिला. मी आजवर तुकडा शेवटपर्यंत दाबत आणत होते, त्यामुळे कड कागदासारखी पातळ होत होती. ड्युरमच्या कणकेला बळ भरपूर असते, पण मैद्यासारखी ती ताणली जात नाही, म्हणून पातळ कड अंगठ्यावर ताणली की तुटणारच.

बोलोन्याच्या ताल्यातेल्ले, म्हणजे लांब पट्ट्यांचा पास्ता, करणाऱ्या मित्रांचा मला इथे थोडा हेवा वाटतो. त्यांच्याकडे १९७२ साली तिथल्या वाणिज्य मंडळात नोंदवलेले माप आहे, शिजलेल्या पट्टीची रुंदी ८ मिलिमीटर. नोन्नांच्या घरी माप म्हणजे अंगठ्याचे वरचे पेर, आणि माझे पेर त्यांच्यापेक्षा लहान असल्यामुळे मला तुकडाही लहान कापायला हवा, हे तिसऱ्या वर्गात कळले.

हे लिहीत असतानाच एक गोष्ट सुचली, आणि तिच्यामुळे पुढचा बेत बदलतो आहे. कड नीट जमली तरी रोममध्ये माझ्या कानांचा मधला भाग गुळगुळीत का राहतो, हा प्रश्न मी पुढच्या महिन्यावर ढकलला होता. लग्नसराईत आई आणि काकू वळवट करायला बसत तेव्हाचे आठवले. गव्हले तर नुसत्या बोटांतच वळत, पण नखुले करताना आई म्हणायची की रव्याला काहीतरी धरायला हवे, गुळगुळीत ताटावर तो नुसता सरकतो. मी रोममध्ये ओट्याच्या संगमरवरावर काम करते! नोन्नांची फळी लाकडी, पॉलिश न केलेली, वर्षानुवर्षे फक्त खरवडून पुसलेली आहे. तुकड्याचा खालचा पृष्ठभाग त्या लाकडाला धरून राहतो, वरचा सुरीबरोबर पुढे येतो, आणि या ओढाताणीतूनच तो खरबरीतपणा येतो ज्यात पुढे तेल आणि भाजी अडकते. स्वयंपाकघरात पोळपाट असताना मी तीन आठवडे दगडावर घासत बसले होते. आत्ताच उठून उरलेल्या लिंबाएवढ्या गोळ्याचे सहा कान पोळपाटाच्या पाठीवर ओढून पाहिले. सहाही खरबरीत झाले.

तेव्हा मोठी लाकडी फळी विकत घेण्याचा बेत रद्द. हत्यारांबद्दल बोलायचे तर, खास ओरेकिएत्तेसाठी म्हणून विकली जाणारी जी सुरी मी मागवली होती तिचे पाते फार धारदार आहे, ते तुकडा गुंडाळण्याऐवजी कापते. नोन्ना जेवणाच्या टेबलावरची साधी, गोल टोकाची, झिजलेली सुरी वापरतात. तशीच एक मला जुन्या बाजारात मिळाली आणि ती उत्तम चालते.

कालचे बत्तीस कान आम्ही चीमे दि रापाबरोबर खाल्ले. ही हिवाळ्यातली भाजी कडवट असते, मोहरीच्या पाल्याची आठवण करून देणारी. ती आधी उकळत्या पाण्यात जाते, मग त्याच पाण्यात कान, आणि दुसरीकडे ऑलिव्ह तेलात लसूण, मिरची आणि खारवलेली अँचोव्ही विरघळत असते. ताजे कान चार-पाच मिनिटांत शिजले. ताटात ते एकमेकांत न घुसता सुटे राहिले आणि प्रत्येकाच्या खोलगट भागात भाजीचा एकेक तुरा बसला होता.

आता पुढचे. दिवाळीत पुण्याला जाताना सेमोल्याची चार पाकिटे न्यायची असे मी ठरवले होते, पण आपला बन्सी गहू ड्युरमच आहे, आणि पुण्याच्या आघारकर संस्थेने काढलेला एमएसीएस ४०२८ हा वाणही ड्युरमचाच, तेव्हा पाकिटे न नेता तिथलाच बारीक बन्सी रवा गिरणीत हलक्या हाताने पुन्हा एकदा दळून घ्यायचा आणि पिठाच्या वजनाच्या ४८ टक्के पाण्यापासून सुरुवात करायची असे आता वाटते. तुमच्यापैकी कोणी बन्सी दुसऱ्यांदा दळून पाहिला असेल तर कण किती बारीक ठेवला आणि गिरणीत पीठ तापले का, ते जरूर कळवा.

त्याआधी पुढच्या शनिवारी चौथा वर्ग आहे. स्त्राशिनाती हा आणखी एक पास्ता शिकायचे ठरले होते, परंतु निघताना मी नोन्नांना गव्हल्यांविषयी सांगितले. बोटांच्या चिमटीत गव्हाच्या दाण्याएवढी कणीक कशी वळतात ते रिकाम्या बोटांनीच दाखवले, तेव्हा त्यांनी माझी बोटे धरून ती हालचाल तीन वेळा पुन्हा करायला लावली. आईने पाठवलेल्या डब्यात मूठभर गव्हले अजून आहेत. ते घेऊन जाणार आहे, आणि थोडे दूध व गूळही.