ठाणे-वाशी लोकल आणि चार अनाथ पोरं

रीमेक म्हटलं की लोक लगेच लहानपणात शिरतात. फायनल फँटसी थ्री या व्हिडिओ गेमच्या बाबतीत आपल्याला ती सोयच नाही, कारण मूळ गेम आला १९९० मधे, जपानात, फॅमिकॉम या निन्टेंडोच्या टीव्हीला जोडायच्या मशीनवर, आणि जपानबाहेर अधिकृतपणे पोचला तो थेट २००६ मधे, निन्टेंडो डीएस या हातात मावणाऱ्या, झाकणवाल्या मशीनवर थ्रीडी रीमेक होऊन. गंमत म्हणजे मशीन आपल्याकडे होतं की! नव्वदच्या दशकात ठाण्यात बऱ्याच घरांत जो 'टीव्ही गेम' असायचा, ज्याची कॅसेट चालली नाही तर फुंकर मारून परत खुपसायची, तो त्याच फॅमिकॉमची नक्कल होता. डबा तोच, पण आपल्या वाट्याला मारिओ, काँट्रा आणि बदकं मारायची बंदूक. क्रिस्टल, जादू, उडती जहाजं वगैरे प्रकरण तिकडेच राहिलं.

त्यामुळे मी हा गेम एकदम कोऱ्या मनाने खेळतो, ठाणे-वाशी लोकलमधे. मूळ गेमचे नायक असलेल्या चार अनाथ पोरांना नावंसुद्धा नव्हती, रीमेकमधे ती ल्युनेथ, आर्क, रेफिया आणि इंगस झाली, आणि सुरुवातीला ल्युनेथ एकटाच गुहेत पडतो, बाकीचे नंतर भेटत जातात. जुने खेळाडू यावर कुरकुर करतात म्हणे. मला तर आवडलं बुवा. ऐरोली येईपर्यंत लढाई सुरू होते, रबाळेला कोणाचीतरी सॅक नाकावर येते, मी डीएसचं झाकण मिटतो, तो झोपतो, घणसोलीला उघडला की राक्षस जिथल्या तिथे उभा. आणि राक्षसही एका वेळी जास्तीत जास्त तीनच, थ्रीडीमुळे मशीनला त्याहून झेपत नाहीत, म्हणून मग तिघांनाच भरपूर ताकद देऊन ठेवलीये. चौघांची पार चटणी होते.

यातली जॉब सिस्टिम, म्हणजे पोरांचे पेशे हवे तेव्हा बदलायची सोय, मात्र कमाल आहे. ब्लॅक मेजचा, म्हणजे जादूगाराचा, नाइट करा, थीफचा ड्रॅगून, म्हणजे भालेवाला, करा, पण बदल केला की पुढच्या काही लढाया तो माणूस ढेपाळलेला असतो, अगदी ऐरोलीच्या आयटी पार्कात नवीन कंपनीत लागलेल्या माणसाचा पहिला महिना.

एकाच गोष्टीवर माझा खरा राग आहे. ओनियन नाइट हा गुप्त जॉब मिळवायला मॉगनेट या गेममधल्या टपालावरून दुसऱ्या खऱ्या खेळाडूला पत्रं पाठवावी लागतात. इंटरनेटवरची सोय निन्टेंडोने २०१४ मधे बंद केली, आता दुसरा डीएसवाला प्रत्यक्ष शेजारी पाहिजे. कोपरखैरणे ते सानपाडा अख्ख्या डब्यात सगळे रील्स बघतायत, कोणाला विचारू? नंतर मोबाइलवर, सोनीच्या पीएसपी या हातातल्या मशीनवर हाच गेम आला, मग २०२१ मधे टूडी पिक्सेल रीमास्टरही आला, ऑटोसेव्हसकट. असू दे. झाकण मिटायची मजा त्यात नाही.

शेवटचा क्रिस्टल टॉवर मात्र लोकलचं काम नाही. आत गेलात की नीट सेव्ह करायला जागाच नाही, तात्पुरतं क्विकसेव्ह आहे पण मेलात की परत बाहेरून सुरुवात, आणि बॉसमागून बॉस, म्हणजे मोठे राक्षस. त्याला रविवार लागतो, आणि घरी आधीच सांगून ठेवावं लागतं की दुपारी मला कोथिंबीर आणायला पाठवू नका.