राग कळतो, पण चित्रं-पुस्तकं का जाळायची?

आज फोंड्याला मामांकडे जेवणं झाल्यावर श्रीलंकेचा विषय निघाला, २०२२चा. मामेभाऊ म्हणाला, अरे राजकारण्याचं घर जळलं, त्यात तुला काय एवढं? त्याला जे सांगितलं ते इथेही लिहून ठेवतो.

९ जुलैला कोलंबोत लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात घुसले आणि त्याच रात्री पंतप्रधान रानिल विक्रमसिंघेंचं खाजगी घर पेटवलं गेलं. राग खराच होता, पेट्रोलसाठी दिवसदिवस रांगा, गॅस नाही, औषधं नाहीत, परदेशी कर्ज फेडणं तर सरकारने एप्रिलमध्येच थांबवलेलं. अशा माणसांना शांत राहा म्हणायला मी कोण! पण राष्ट्राध्यक्षांच्या घरात सापडलेली पावणेदोन कोटी श्रीलंकन रुपयांवर रोकड आंदोलकांनीच मोजून पोलिसांच्या ताब्यात दिली, हेही त्याच दिवसांतलं.

विक्रमसिंघेंनी नंतर टीव्हीवर सांगितलं की अडीच हजारांवर पुस्तकं गेली, दोनशे वर्षांहून जुनी चित्रं होती ती गेली, एकच चित्र बचावलं. आणि ती पुस्तकं शाळेला द्यायचं नवरा-बायकोने ठरवलेलं, मला हे सगळ्यात जास्त लागलं, कुठल्यातरी पोराच्या हातात आली असती ना ती.

आपल्या गोव्यात एक जुनी पोथी टिकवायची म्हणजे काय ते ज्याच्या घरी कपाट आहे त्यालाच माहीत. पावसाळाभर पानं ओलसर, कोपऱ्यांवर पांढरी बुरशी, खालच्या कप्प्यातून वाळवी. आजोबांची पोथी मी दर ऑक्टोबरात सोप्यावर उन्हात काढतो, चिकटलेली पानं हळूहळू सोडवतो, कडुलिंबाचा पाला घालून परत ठेवतो. दोनशे वर्षांचं चित्र म्हणजे किती पिढ्यांनी जपलं असेल, हा मालक त्यातला फक्त शेवटचा.

मामांनी जाफन्याचं काढलं, श्रीलंकेच्या उत्तरेतलं तमिळांचं शहर. १९८१ला तिथलं वाचनालय जाळलं, ९७ हजारांच्या आसपास पुस्तकं, ताडपत्रं, आणि तेव्हाच्या सरकारात हेच विक्रमसिंघे मंत्री. मामांचं बरोबर आहे, ते विसरता येत नाही. पण म्हणून फिट्टंफाट झाली हे मला अजिबात पटत नाही, जाफन्याचं एक ताडपत्र तरी त्याने परत आलं का? आणि घर जळल्यावर अकराच दिवसांनी, २० जुलै २०२२ला, संसदेने याच माणसाला राष्ट्राध्यक्ष केलं, म्हणजे ज्याच्यावर राग होता तो खुर्चीवर बसला.

मामेभावाला यातलं काही माहीत नव्हतं. पुढच्या वेळी त्याला पुण्याच्या भांडारकर संस्थेचं सांगणार आहे, जानेवारी २००४, तिथे पोथ्या फेकणारी तर आपलीच मराठी माणसं होती.