दीड तासात मान टाकणारा लॅपटॉप

मे महिन्यात पुण्याहून भाचा आठ दिवस राहून गेला आणि जूनमध्ये माझ्या लॅपटॉपची बॅटरी रडायला लागली. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं तेव्हा मनातही आलं नाही.

साडेचार तास सहज चालणारा लॅपटॉप दीड तासात मान टाकायचा. त्यात पाऊस सुरू झालेला, इंदूरला रामबागेत आमच्याकडे लाइटची ये-जा चालू. साधी वर्डची फाइल उघडली तरी पंखा घोंघावायचा, आणि मांडीवर ठेवायची तर सोयच राहिली नव्हती इतका तापायचा. शेवटी एका दुकानात नेला. काउंटरवरच्या मुलाने दोन मिनिटं स्क्रीनकडे पाहिलं आणि निकाल दिला, "भिया, बैटरी गई. साढ़े चार हज़ार." घरी विचारून सांगतो म्हणालो, आणि कोपऱ्यावर जिरावण मसाला घातलेले पोहे खाऊन परत आलो. पैशांचा विषय निघाला की मला आधी पोहे लागतात.

घरी कमांड प्रॉम्प्ट उघडून विंडोजचा बॅटरी रिपोर्ट काढला. एका कमांडीत तयार फाइल मिळते, त्यात दोन आकडे बघायचे. कारखान्यातून निघताना क्षमता ५६,००० मिलीवॅट-तास, आणि आज पूर्ण चार्ज केल्यावर ४९,८००. म्हणजे तीन वर्षांनंतरही ८९ टक्के शिल्लक. मग गणित मांडलं. पन्नास वॅट-तासांची टाकी दीड तासात रिकामी होते, म्हणजे सतत ३३ वॅट वाहून जातायत. पूर्वी साडेचार तास पुरायची तेव्हा हाच आकडा ११ होता. टाकी ठीक होती. नळ कुठेतरी उघडा राहिला होता.

विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्सच्या पानावर मला नेहमी दोन जीपीयू, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र तयार करणाऱ्या चिप, दिसायचे. 'जीपीयू ०' इंटेलचा, प्रोसेसरच्याच पोटातला. 'जीपीयू १' एनव्हिडियाचा, वेगळा. आता तिथे एकच होता, एनव्हिडियाचा. इंटेलचा गायब. चिप जळली की काय, या धसक्याने रात्री झोप नीट लागली नाही.

सकाळी डिस्प्लेच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये शिरलो. स्क्रीन कोणत्या ग्राफिक्सला जोडलाय ते तिथे चक्क लिहिलेलं असतं. माझा स्क्रीन थेट एनव्हिडियाला जोडलेला होता. इथे जरा थांबून सांगतो, कारण सगळी गोम इथेच आहे. अशा लॅपटॉपमध्ये एरवी स्क्रीनची तार इंटेलकडेच असते. एनव्हिडिया झोपलेला असतो. गेम किंवा एडिटिंगसारखं जड काम आलं की त्याला उठवलं जातं, तो चित्र तयार करतो आणि इंटेलच्या हवाली करतो. स्क्रीनवर मांडायचं काम इंटेलचंच. एनव्हिडियाने २०१० साली ऑप्टिमस या नावाने हे आणलं. त्याआधी हा बदल हाताने करावा लागे. २००६च्या सोनी वायो एसझेडवर तर 'स्टॅमिना' आणि 'स्पीड' असं लिहिलेलं सरकवायचं बटण होतं, आणि ते सरकवलं की मशीन रीस्टार्ट करायचं.

ऑप्टिमसमध्ये चित्र दोन हातांतून जातं, त्यामुळे गेमचा वेग, म्हणजे एफपीएस (सेकंदाला किती चित्रं), थोडा घटतो. त्यावर उपाय म्हणून काही लॅपटॉपमध्ये मक्स स्विच देतात. ट्रेनचा रूळ बदलावा तसा तो स्क्रीनची तार इंटेलकडून काढून सरळ एनव्हिडियाला लावतो. मग एनव्हिडियाला झोप नाही. तुम्ही नुसती किराण्याची यादी टाइप करत असलात तरी.

रूळ कोणी बदलला, हे आता वेगळं विचारायला नको होतं. तरी फोन लावला.

"हो मामा, मीच डिस्क्रीट केलं होतं, म्हणजे फक्त एनव्हिडिया. एफपीएस वाढतात ना. परत करायचं राहिलं."

"अरे, सांगायचंस तरी!"

"तू विचारलंच नाहीस."

लॅपटॉप कंपनीच्याच सॉफ्टवेअरमध्ये जीपीयू मोड 'डिस्क्रीट'वरून 'हायब्रिड'वर, म्हणजे दोघं मिळून, आणला, रीस्टार्ट केला. इंटेल परत हजर, पंखा गप्प. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमधून घड्याळाशेजारी एक छोटं चिन्ह आणता येतं, तेही लावून घेतलं: एनव्हिडियावर काही चालू असेल तर रंगीत, नसेल तर करडं.

पण आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाचा व्हिडिओ एक्स्पोर्ट करायला घेतला तर नऊ मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेलं. एडिटिंगचं सॉफ्टवेअर आता इंटेलवरच चाललं होतं. सेटिंग्ज, सिस्टीम, डिस्प्ले, ग्राफिक्स असं आत जाऊन एकेका सॉफ्टवेअरला जीपीयू नेमून देता येतो. विंडोज १०च्या एप्रिल २०१८ अपडेटपासून विंडोजमध्येच ही सोय आहे. एडिटरला 'हाय परफॉर्मन्स', ब्राउझरला 'पॉवर सेव्हिंग'. वेळ पुन्हा नऊ मिनिटांवर.

तिसरी गंमत मंडळाच्या हॉलमध्ये कळली. प्रोजेक्टरची एचडीएमआय केबल खुपसली आणि ते करडं चिन्ह लगेच रंगीत झालं, समोर नुसत्या स्लाइड असूनही. माझ्या लॅपटॉपचं एचडीएमआय पोर्ट आतून एनव्हिडियालाच जोडलेलं आहे, त्यामुळे केबल लागली की त्याला उठावंच लागतं. हे प्रत्येक लॅपटॉपमध्ये वेगळं असतं. माझ्यात टाइप-सी पोर्ट इंटेलकडे निघालं, म्हणून टाइप-सी ते एचडीएमआय असं एक अडॅप्टर घेतलं. पुढच्या रविवारी तालमीला लावून पाहिलं. स्लाइड भिंतीवर उमटल्या, चिन्ह करडंच राहिलं, आणि चार्जर मी पिशवीतून काढलाच नाही.